आश्चर्याची तोंडी परीक्षा

आश्चर्य ही माणसाची पहिली भावना आहे. गुहेतल्या माणसाने पहिल्यांदा वीज पाहिली, त्याने आ वासला आणि त्या वासलेल्या तोंडातून पुढे धर्म, विज्ञान, काव्य असं सगळं बाहेर पडलं. जो आश्चर्याला मुकला, तो माणूसपणाला मुकला.

या व्याख्येनुसार लालबागच्या आमच्या चाळीत गेली सत्तर वर्षं एकही माणूस राहत नाही.

आमच्याकडे आश्चर्य वाटणं हा कमीपणा समजतात. कुणी बातमी आणली आणि तुम्ही "हो? खरंच?" म्हणालात, की तुम्हाला ती आधी ठाऊक नव्हती हे सिद्ध झालं. मग बातमी आणणारा आठवडाभर तुमच्याकडे, नापास होऊन मागे राहिलेल्या वर्गमित्राकडे बघावं तसं बघतो. म्हणून बातमी कसलीही असो, चाळीचं उत्तर एकच: "माहीत आहे." एकदा पहाटेचं पाणी भर दुपारी आलं, तेव्हाही बायका "माहीतच होतं" म्हणत, हाताला कणीक तशीच ठेवून बादल्या घेऊन धावल्या होत्या.

यातले सर्वश्रेष्ठ म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेले नाना तोंडवळकर. डॉक्टरांनी त्यांना "तुम्हाला डायबिटीस आहे" असं सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, "मला विचारायचं ना आधी. कशाला रक्त काढलंत?"

अशा चाळीत प्राची घाडीगावकर वाढली. परळच्या एका इस्पितळात ती नर्स होती. जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, महिनाअखेरपर्यंत जर्मन भाषेचं प्रमाणपत्र हवं. दादरला क्लास लावून पोरीने दीड वर्ष घासून अभ्यास केला. लेखी परीक्षेत झकास मार्क मिळाले. तोंडीत मात्र नापास.

तोंडी परीक्षेत दोन उमेदवार समोरासमोर बसवून गप्पा मारायला लावतात. प्राचीच्या समोरच्या मुलाने जर्मनमध्ये सांगितलं की, गेल्या वर्षी माझं घर जळालं. प्राचीने शांतपणे उत्तर दिलं, "या. इश वाइस." म्हणजे, हो, माहीत आहे.

क्लासच्या बाई, पूर्वीमॅडम, कपाळाला हात लावून बसल्या. "अगं, तो जळालेल्या घराबद्दल सांगतोय आणि तू म्हणतेस माहीत आहे! परीक्षकांना वाटलं असेल, आग तूच लावलीस."

"सवय आहे हो मॅडम," प्राची म्हणाली.

मॅडमनी तिला उद्गारांची यादीच दिली. जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात चकित होण्यात फार तरबेज असतो. नुसतं "एश्ट?" म्हटलं की "खरंच?" "वानझिन!" म्हणजे शब्दशः वेडेपणा, आपण "कमालच आहे" म्हणतो तिथे ते म्हणतात. आणि "दास गिब्ट्स डॉख निश्ट!" म्हणजे "असं काही नसतंच मुळी!" तोंडी परीक्षा पुन्हा देता येणार होती, येत्या शनिवारी. ही संधी हुकली की नोकरी दुसरीला. मॅडमनी सांगितलं, "आठ दिवस घरच्यांना सांग, रोज काहीतरी नवीन ऐकवा. तू चकित व्हायचं. जर्मनमध्ये."

संध्याकाळी गॅलरीत चाळ जमली. पोरीचं भलं होतंय म्हटल्यावर सगळे तयार. पहिला मान शेजारच्या गंगुबाईंचा. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "प्राची, आमच्या सुनेक दिवस गेले गो."

प्राची म्हणाली, "या. इश वाइस."

"असा काय गो?"

"गंगुमावशी, टेस्ट मीच केली ना तिची!"

हाच घोळ होता. भिंतीला भिंत लागून, दाराला दार. नवीन बातमी आणायची कुठून? बुधवारपर्यंत चाळीतलं सगळं ऐकवून संपलं. पोरगी प्रत्येक वेळी तोंड उघडायची आणि त्यातून "माहीत आहे"च निघायचं. मग लोक यादीच वाचायला लागले. शेवटच्या पानावर मॅडमनी जुन्या वाक्प्रचारांचे अर्थ मराठीत लिहिले होते. 'माझं डुक्कर शिट्टी वाजवतंय वाटतं!' 'कुणीतरी मला एक करकोचा भाजून द्या!' फारच नवल वाटलं की असं म्हणतात म्हणे.

गंगुबाईंना नवल नाही, काळजी वाटली. "करकोचो? तेका मास कितीसा असतला?"

"माहीत आहे मला हे," नाना म्हणाले. "आमच्या गिरणीत जर्मन फिटर यायचा मशीन बसवायला. माझ्याशीच बोलायचा. दुपारी डबा खाताना एकदा म्हणाला होता करकोच्याचं."

"मग नाना, तुम्हीच माझी तयारी घ्या ना," प्राची म्हणाली.

नानांनी यादी हातात घेतली आणि लगेच परत दिली. मग म्हणाले, "उच्चार ठीक आहेत तुझे. चालू दे."

शुक्रवार उजाडला, मावळतीला आला, आणि प्राची जिन्याच्या पायरीवर यादी मांडीवर घेऊन रडायला लागली. "मी जातच नाही उद्या. मला नाही जमत. तोंडातून शब्द निघतात, पण चेहरा रेशनच्या लायनीत उभा असल्यासारखा. मॅडम म्हणतात, आधी खरंच वाटायला पाहिजे. मला काही वाटतच नाही हो!"

नाना त्यांच्या दारातल्या खुर्चीवर होते. ते उठले. घसा साफ केला. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"प्राची," ते म्हणाले, "मला जर्मन येत नाही."

"एकदम सगळं कुणाला येतं, नाना?"

"एक शब्द येत नाही. तो फिटर जर्मन नव्हताच. सुरतेचा होता. गोरा होता, टाय लावायचा, म्हणून सगळे जर्मन म्हणायचे. मीही म्हटलं, असेल." नानांनी एकदा सगळ्या गॅलरीवरून नजर फिरवली आणि आयुष्यात न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. "मला काहीच माहीत नव्हतं."

गंगुबाईंच्या हातातलं पाखडायचं सूप खाली पडलं. "अगे बाय माजे!" कुणीतरी "आयला!" म्हणालं. आणि प्राची पायरीवरून ताडकन उठली, तिचा हात आपोआप तोंडावर गेला, डोळे बशीएवढे झाले.

"एश्ट? नाना, दास गिब्ट्स डॉख निश्ट! वानझिन!"

"हां," नाना कसनुसं हसून म्हणाले. "असंच कर उद्या."

दुसऱ्या दिवशी परीक्षेत तिच्यासमोर ध्रुव नावाचा गिरगावातला मुलगा बसला होता. त्याने सांगितलं की, मी ऑफिसला सायकलने जातो. प्राचीने मनातल्या मनात सुरतेचा तो फिटर आठवला, टायसकट, आणि अशी काही चकित झाली की परीक्षकांनी पेन खाली ठेवून ध्रुवला किलोमीटर किती ते विचारलं. "चार," तो ओशाळून म्हणाला. "वानझिन!" प्राची म्हणाली.

प्रमाणपत्र महिना संपायच्या चार दिवस आधी आलं. नोकरी पक्की झाली. नानांची मात्र दशा झाली. ते काहीही बोलले की आता बारक्या पोरांपासून सगळे विचारायचे, "नाना, नक्की? की सुरतेचं?" नाना ऐकून घ्यायचे, आणि गॅलरीत यायचे तसे येतच राहिले.

प्राची निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या पाया पडायला गेली. सगळी चाळ दारात. प्राचीला हुंदका आवरेना. "नाना, तुम्ही माझ्यासाठी किती मोठी गोष्ट केलीत. मी जन्मभर विसरणार नाही."

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते काहीतरी फार मोलाचं बोलणार हे सगळ्यांनी ओळखलं आणि मागच्यांनीही माना पुढे काढल्या.

"पोरी," नाना हळूच म्हणाले, "तू गेल्यावर तुमच्या दारासमोरची कपडे वाळत घालायची दोरी मी घेतली तर चालेल का? माझे लेंगे माझ्या दारातल्या सावलीत वाळत नाहीत."