हौद्यातली माती

चौथीच्या वर्गाला संयोगिता इतका जीव तोडून 'आपला परिसर' शिकवायला लागली, की मुख्याध्यापकांना वाटलं, बाईंना आदर्श शिक्षक पुरस्काराचे डोहाळे लागलेत. पुरस्कार गेला खड्ड्यात. संयोगिताला केरबा वस्ताद पाहिजे होता.

कोल्हापुरात परिसराचा इतिहास शिकवायचा म्हणजे तालीम टाळून चालत नाही. कुठल्या पेठेत कुठली तालीम, महाराजांच्या काळात पैलवानांना खुराक कसा मिळायचा, कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू का मुरवतात, सगळं तिनं शिकवलं. पोरांनी शड्डू ठोकून ठोकून शेजारच्या तिसरीचं डोकं उठवलं. मग तिनं क्षेत्रभेट ठरवली, ती नेमकी शाळेमागच्या गल्लीतल्या तालमीत. कारण तिथं केरबा वस्ताद होता, आणि त्याची नात समृद्धी तिच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत होती.

त्या तालमीत संयोगिता लहानपणी एकदाच गेली होती. तिचा बाप आकाराम तिथला पैलवान, वस्तादाचा लाडका पट्ठा. ती त्याचा डबा घेऊन गेली. हौद्यात कुणी नव्हतं, माती मऊ दिसली, म्हणून पोरीनं आत उडी घेतली आणि दोन कोलांट्या मारल्या. तेवढ्यात वस्ताद आला. बाईच्या जातीनं हौद्यात पाय ठेवायचा नाही, हा त्याच्या तालमीचा नियम. माती बाटली म्हणाला. आता सगळी माती काढून नदीला टाकायची, आणि ती पोरीच्या बापानं, एकट्यानं, बुट्टीत भरून डोक्यावरनं न्यायची.

आकाराम दिवसभर भरल्या गल्लीतून बुट्ट्या वाहत होता. बायका दारात आल्या, पोरं मागं लागली. संयोगिता मारुतीच्या कट्ट्यावर बसून बघत होती. त्या संध्याकाळनंतर आकाराम तालमीची पायरी चढला नाही आणि घरात कुणी त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. पण संयोगितानं डूख धरला तो धरलाच. लग्न झालं, आडनाव बदललं, केसांत चांदी दिसायला लागली, तरी तो जसाच्या तसा ताजा.

वस्ताद आता थकला होता. गल्लीतली पोरं जिमला जात होती आणि तालमीत मंडळाचे मांडव आणि ढोल पडलेले असायचे. हौदा मात्र म्हातारा अजून स्वतः खोऱ्यानं उकरून ठेवायचा. शाळेची पोरं इतिहास ऐकायला येणार म्हटल्यावर स्वारी खूश झाली. फेटा बांधून दारात उभी. संयोगिताला त्यानं ओळखलंच नाही.

"या बाई, या. समदी आत येऊ देत. पोरींनी तेवढा हौद्यात पाय ठेवायचा न्हाय. नियम हाय."

"नाही ठेवणार," संयोगिता गोड हसून म्हणाली.

वस्ताद रंगात आला. डाव सांगितले, जुन्या कुस्त्या सांगितल्या, मांडीवर थाप मारून दाखवली. पोरं टाळ्या वाजवत होती. समृद्धी तर आजोबाकडे बघून अशी फुलली होती, की जणू तालीम तिच्याच नावावर आहे. मग राजवीरनं हात वर केला. त्याचा प्रश्न संयोगितानं आदल्या दिवशी त्याच्याकडून घोकून घेतला होता.

"आजोबा, पोरीनं हौद्यात पाय ठेवलाच तर?"

"ठेवला हुता की एकीनं!" म्हातारा खुलून म्हणाला. "माझ्या पट्ठ्याचीच पोरगी. समदी माती बाटवली बघ. मग काय, दिली बापाच्या डोक्यावर बुट्टी आन् लावला नदीच्या वाटंला. पट्ठ्या असू दे न्हायतर पोटचा पोरगा, नियम म्हंजे नियम. बरोबर का न्हाय बाई?"

"अगदी बरोबर. ऐकलंत ना रे सगळ्यांनी?" आणि मागं वळूनही न बघता संयोगिता म्हणाली, "समृद्धी, उतर आत."

समृद्धीनं आजोबाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. चौथीत बाईंचा शब्द सगळ्यांत मोठा असतो. तिनं चपला काढल्या आणि ती उतरली. पाय घोट्यापर्यंत मातीत गेले तशी गुदगुल्या झाल्यासारखी हसली.

"बाई, ह्ये काय केलंसा?"

"शिकवतेय. हिचे वडील पुण्याला नोकरीला. घरातले कर्ते तुम्हीच. मग बुट्टी कुणाच्या डोक्यावर द्यायची, वस्ताद?"

"अवो, लेकरू हाय त्ये. अजाण हाय."

"आकारामाची पोरगीबी अजाणच हुती." संयोगिताची शाळेतली भाषा गळून पडली. "बापाचा डबा घिऊन आल्ती. आठवतंय का?"

म्हाताऱ्यानं तिचं तोंड न्याहाळलं. मग त्याचा चेहरा पडला. "आकारामाची संयू?"

"व्हय. मीच ती."

पोरांना वाटलं, हा धड्यातलाच भाग. राजवीरनं कोपऱ्यातलं खोरं उचललंसुद्धा. "आजोबा, मग आता माती काढायची?"

वस्तादाला सुटकेच्या दोन वाटा होत्या. नियम खोटा म्हणायचा, नाहीतर हात जोडायचे. पण त्याचा हट्टी स्वभाव संयोगिता पक्का ओळखून होती. त्याच भरवशावर तिनं नवीकोरी बुट्टी आणून सकाळीच दारामागं ठेवली होती. म्हाताऱ्यानं फेटा उतरवून मारुतीपुढं ठेवला.

"बुट्टी आणा. कुणी हात लावायचा न्हाय."

त्यानं स्वतः माती ओढली, स्वतः बुट्टी उचलली. मागं चौथीचा वर्ग, दोन-दोनच्या रांगेत, क्षेत्रभेटीला शोभेल असा. गिरणीच्या दारातून शालूबाई ओरडली, "अगं बया! वस्ताद, ह्या वयात बुट्टी?" दारं उघडली, मोबाईल वर झाले, कुणीतरी फिदीफिदी हसलं. संयोगिता एकेका उंबऱ्याकडं बघत चालली होती. ह्याच उंबऱ्यावर तेव्हा बायका उभ्या होत्या. ह्याच वळणावर बापाची मान कलली होती. आता बघा, म्हणावं. डोळे भरून बघा. तिला इतकं बरं वाटत होतं, की तिची पावलं म्हाताऱ्याच्या पुढं जायला बघत होती.

वळणावर म्हातारा अडखळला. माती डोळ्यांत, मिशीत गेली. पोरं खिदळली. एकटी समृद्धी हसली नाही. म्हाताऱ्यानं सांडलेली माती हातानं गोळा करून पुन्हा बुट्टीत भरली आणि तो चालायला लागला.

रात्री माहेरी जेवताना संयोगितानं आकारामला सगळं सांगितलं. सांगताना तिचा घास हातातच राहिला.

"त्याच गल्लीतनं, तात्या! समद्यांनी बघितलं."

आकारामनं विचारलं, "नात कुठं हुती त्याची?"

"मागं. वर्गाबरोबर."

आकारामनं ताटातली भाकरी कुस्करली. "पैलवान गडी मी. चार बुट्ट्या मला जड हुत्या व्हय गं? तू कट्ट्यावर बसून बघत हुतीस. त्ये सोसलं न्हाय, म्हणून तालीम सोडली." एवढं बोलून तो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी समृद्धी पहिल्या बाकावर नव्हती. शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती.

"समृद्धी."

"हजर, बाई."

आवाज स्वच्छ होता. रडलेली वाटत नव्हती. फक्त संयोगिताच्या तोंडावरून तिची नजर हलत नव्हती, प्रार्थनेत नाही, पाढ्यांत नाही, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी नाही. संयोगितानं फळ्याकडं तोंड करून उगाचच तारीख पुन्हा लिहिली. मारुतीच्या कट्ट्यावरची पोर अशीच बघत होती, आणि असं बघणं किती वर्षं टिकतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.