एकेचाळिसावी हरकत

साहेब, खडी कारखान्यांतल्या धुळीचा नवा नियम तुम्ही लिहिलेला नाही. तो मालकांच्या संघटनेने लिहून पाठवला, तुम्ही फक्त खाली सही करणार आहात. मजकूर कुठून आला, हे तो टाइप करणाऱ्या बाईला कळणार नाही तर कोणाला?

संघटनेचा माणूस तुमच्याकडे चहा पिऊन माझ्या टेबलाशी आला. पेन ड्राइव्ह ठेवत म्हणाला, "ताई, तुमचं काम हलकं केलंय बघा."

धुळीची मर्यादा दुप्पट केली होती. हरकती घ्यायला लोकांना महिन्याची मुदत. आणि हरकतींवरच्या उत्तरांचा तक्ता? तोही तयार! चाळीस ओळी, नावांच्या जागा कोऱ्या, आणि शेवटच्या रकान्यात चाळीस वेळा 'तथ्य नाही'.

"साहेब, पत्रं यायच्या आधीच उत्तरं?" मी विचारलं.

तुम्ही फायलीतून मानही वर काढली नाहीत. "बाई, तुमचा करार कधी संपतोय?"

दर अकरा महिन्यांनी तो तुमच्याच सहीने वाढतो. मी जागेवर जाऊन तो तक्ता उघडला.

महिनाभरात एकेचाळीस पत्रं आली. शेवटचं माझ्या दादाचं. वीस वर्षं तो खडी कारखान्यात राबतोय. वहीच्या पानावर लिहिलं होतं, "जिना चढताना दोनदा बसावं लागतं. आणखी धूळ सोसणार नाही." तक्त्यात त्याच्यासाठी ओळच नव्हती. मी एक ओळ वाढवली आणि वरचंच उत्तर त्याच्या नावापुढे टाइप केलं. माझ्या या बोटांनी.

"काय गं चिमणे, पोचलं का माझं पत्र?" घरी दादाने विचारलं.

"पोचलं."

"मग दे की साहेबांना वाचून! सरकारात बहीण असून उपयोग काय?" हसता हसता त्याला ढास लागली. वहिनी पाठ चोळत राहिली. "मालक म्हणतो, नवा नियम आला की आमची धूळ कायद्यात बसेल. मग ह्यांच्या छातीशी त्याचा संबंध नाही. तो देतो ते औषधपाणी बंद." मी ताटावरून उठले.

आज दादा स्वतः उत्तर न्यायला आलाय. दोन मजले बसत बसत चढला. धुतलेला सदरा घालून तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलाय आणि मला विचारतोय, "साहेब काय म्हणाले गं?"

मी नाही सांगणार. करार गेला खड्ड्यात. तुम्ही बाहेर या, आणि त्याच्या पत्रातलं काय खोटं आहे, ते त्याच्या तोंडावर सांगा.