सुताचे तीन वेढे

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात, आपल्या वायरिंगच्या दुकानाकडे ती व्हॅन वळली तशी लीलाधरने लांबूनच ओळखली आणि हातातला टेस्टर खाली ठेवला. नवा पत्रा, नवा रंग लागला होता, तरी ओळखली. फोपनार गावच्या मुलांना इथल्या शाळेत आणणारी गाडी. गेल्या वर्षी मुलांना सोडून रिकामी परतताना ती जसोंडीच्या वळणावर उलटली आणि गिरधर जागच्या जागी गेला. गिरधर लीलाधरचा लंगोटीयार. आज गाडी चालवत आली ती गिरधरची बायको सुनंदा, आणि शेजारी बसले होते त्याचे वडील, देवरामआबा.

सुनंदा गाडी लावून शाळेत कागद द्यायला गेली. पुढच्या महिन्यापासून फेऱ्या तीच करणार होती. आबांनी काखेतलं खोकं लीलाधरच्या हातात दिलं.

"नवं मशीन हाये. चाळीसच्या वर गाडी जाऊ देत नाही. हे लावल्याबिगर शाळेवाले ऐकत नाहीत. सून म्हने, दुसऱ्याजवळ जाऊ. मी म्हटलं, नाही. गिरधरच्या गाडीले कोनी हात लावीन तं लीलाधरच लावीन."

"हो आबा," लीलाधर म्हणाला. एरवी गिऱ्हाइकाला चहा पाजून तासभर गप्पा मारणारा हा माणूस आज चहाचंही न विचारता जॅक आणायला वळला.

कारण त्या गाडीत काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. पहिलं मशीनही त्यानेच लावलं होतं. नंतर गिरधर दोनदा मागे लागला: पोरं उतरल्यावर रिकामी गाडी तरी पळू दे, मशीन बंद करायचं एक बटण दे लावून. एकदा लीलाधरने उडवून लावलं. दुसऱ्यांदा गिरधर मावा जलेबीचा पुडा घेऊन आला. दोघांनी खाल्ली, दोघे हसले, आणि वेगाची खबर मशीनला देणारी तार मध्येच कापून लीलाधरने ड्रायव्हरच्या सीटखाली गुपचूप बटण बसवलं. इतकं सोपं काम होतं. गेलं वर्षभर तो स्वतःची समजूत घालत होता, की त्या दिवशी मशीन चालूच असेल. गिरधर काही रोज थोडाच पळवत असेल.

आणि दुसऱ्या कोणाकडे गाडी गेली असती तरी तो सुटत नव्हता. त्याचे वडील आयुष्यभर मागावर कापड विणत बसले. बुऱ्हाणपूरच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो, जोड उघडे पडतात, म्हणून लीलाधर टेपच्या आत मागावरच्या लाल सुताचे तीन वेढे देऊन गाठ मारायचा. ते लाल सूत पाहून गावातला कोणताही वायरमन सांगू शकला असता की हे लीलाधरचं काम.

त्याने मागचं चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रलला टाकला, चावी फिरवली. वेगाची तार शोधायची तर दोन माणसं लागतात, एक चाक फिरवायला आणि एक मीटर बघायला. आबा आपणहून चाकाशी उकिडवे बसले.

"सांग कधी फिरवू."

"फिरवा, आबा. हळूहळू."

जुन्या मशीनची तार डॅशबोर्डखाली तशीच लोंबत होती. लीलाधरने तिला मीटरचं टोक लावलं. चाक फिरलं की मीटरचा आकडा वर-खाली उडायला हवा. तो शून्यावर होता. शून्यावरच राहिला.

आबा फिरवत होते आणि बोलत होते. "गाव काय काय बोललं, तुले ठाऊक नाही. पोऱ्या माजला व्हता, उडवत व्हता म्हने. मी एकेकाले सांगितलं, गाडीत मशीन व्हतं, चाळीसच्या वर जातच नव्हती. मंग त्याची चूक कशी? वर्षभर हेच सांगू ऱ्हायलो. त्याच्यावरच दिवस काढले."

लीलाधरने सीटखाली हात घातला. गालिच्याच्या कडेला, पत्र्याच्या आत, बटण होतं. बोटांनीच त्याला कळलं. ते बंद होतं, म्हणजे त्या दिवशी मशीनही बंद होतं.

 मग त्याने टेप सोलला, लाल सूत कापलं, बटण काढून खिशात घातलं आणि तारेची दोन टोकं पुन्हा जोडली. बाहेर चाक फिरतच होतं. मीटरवर आकडा उडू लागला.

"सापडली, आबा."

आबा गुडघ्यावर हात टेकत दाराशी आले. "इतका वेळ काहून लागला?"

"तार तुटलेली होती."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा शेतकरी, पण तुटलेल्या तारेचा अर्थ त्याला कोणी समजावायला नको होता.

"कधी तुटली? अपघाताच्या आधी का मागून?"

मागून, धक्क्यानं, असं एक वाक्य तयार होतं. ते बोलला असता तर लीलाधर सुटला असता आणि आबांचा जीवही भांड्यात पडला असता. पण त्या हातांनी आत्ता अर्धा तास चाक फिरवलं होतं, आणि लीलाधरला ते वाक्य बोलवेना. सगळं खरंही बोलवेना.

"आधी," तो म्हणाला. "मीच कापली होती. हॉर्नचं काम करत होतो. मतलब... जोडायची राहून गेली माझ्याकडून. गिरधरला ठाऊक नव्हतं, आबा. त्याला वाटत होतं, मशीन चालू आहे."

 आबांनी शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर लीलाधरला बरं वाटलं असतं. ते पुन्हा चाकाशी जाऊन बसले आणि चाक फिरवू लागले. लीलाधर "बस, आबा" म्हणाला तरी थांबेनात. त्याने नवं मशीन बसवलं, सवयीने जोडावर सुताचे तीन वेढे दिले, टेप गुंडाळला. तोवर ते फिरवतच होते.

सुनंदा परतली तेव्हा ते उठले. "गिरधरची चूक नव्हती, पोरी," ते म्हणाले. "मशीन बंद व्हतं, त्याले माहीत नव्हतं. याच्या हातून ऱ्हायलं." मग लीलाधरकडे न पाहता म्हणाले, "सोमवारी वर्षश्राद्ध हाये. तुले बोलावाचं म्हनून आलो व्हतो. आता नको येऊ."

लीलाधरने मान खाली घातली. गिरधरच्या घरी तो लहानपणापासून जेवत आला होता.

आबा पलीकडून चढून बसले. सुनंदा चालवायला बसली, आणि चावी फिरवण्याआधी तिचा उजवा हात सरळ सीटखाली गेला, गालिच्याच्या कडेला, नेमका त्याच जागी. बोटं तिथे क्षणभर चाचपडली. काही लागलं नाही. तिने हात बाहेर काढला आणि लीलाधरकडे पाहिलं. तिला बटणाचं सगळं ठाऊक होतं.

"येते, भाऊ," ती हळूच म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.