धाकटी झाली ताई

"तुझं टोक वर धर, वहिनी. जमिनीला लागतंय," नणंद म्हणाली.

धाकटीनं चादरीचं टोक वर उचललं. बाहेरच्या खोलीत सांत्वनाला आलेली माणसं बसली होती आणि आत या दोघी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खाटेवरचं अंथरूण आवरत होत्या. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. पन्नाशी उलटली, डोक्यात पांढरे केस आले, तरी ती धाकटीच राहिली होती.

आईंनी दवाखान्याच्या धुलाईखात्यात जन्मभर चादरींच्या घड्या घातल्या. नवरा अंथरुणाला खिळला, पदरात तीन मुलं, पण बाईंनी ना कामावर खाडा केला ना घरात कुणाला काही कमी पडू दिलं. घरातही त्यांचा शब्द शेवटचा असे. सगळे त्यांना मुकादम म्हणत, अर्थात पाठीमागे. धाकटी नवी नवरी असताना तिनं घातलेली घडी आईंनी चारचौघांत उलगडली होती. "ही घडी आहे की बोचकं?" एवढंच म्हणाल्या. ते धाकटीला इतकं लागलं, की पुढे कित्येक वर्षं आई खोलीत आल्या की तिचे हात आपोआप घाईला यायचे.

मग आईंना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. थोरला मुलगा कामावरून आला की त्या हळूच विचारायच्या, "हे गृहस्थ कुणाकडे आलेत?" तो बापडा हसल्यासारखं करायचा आणि तोंड धुवायला जायचा तो बराच वेळ बाहेर यायचा नाही.

एका दुपारी त्यांनी धाकटीचा हात धरला. "ताई, कुठे गेली होतीस गं?"

ताई म्हणजे आईंची थोरली बहीण. आईविना पोरीला त्या बहिणीनंच वाढवलं होतं आणि ती जाऊनही जमाना झाला होता. "आई, मी तुमची सून," धाकटी म्हणाली. "ताई आता नाहीत." म्हातारी धाय मोकलून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच ऐकून पुन्हा तशीच रडली. खरं बोलून रोज एका लेकराची बहीण मारायची, हे काही धाकटीला जमेना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथेच होते गं, कुठे जातेय?" सासूला 'गं' म्हणताना तिची जीभ अडखळली. नवऱ्यानं ऐकलं आणि थट्टेनं म्हणाला, "वा, मुकादमाला अगं-तुगं?" पण आईचा खुललेला चेहरा बघून त्यानं थट्टा आवरती घेतली.

त्यानंतर मुकादम रुसायला लागली, उशीखाली बिस्किटं लपवायला लागली, वेणी घालून घेतल्याशिवाय जेवेना. धाकटी माहेरीही शेंडेफळ. जन्मात तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं. आता दिवसातून शंभरदा ती हाक यायची, आणि ती वैतागायची, आणि खरं सांगायचं तर तिला ती हाक हवीशी झाली होती.

"मी आले की आई मला 'बसा बाई' म्हणायची," नणंद म्हणाली. ती लांब राहायची, सणासुदीला धावती भेट देऊन जायची. "मला, पोटच्या पोरीला." तिनं हातातली चादर खाली ठेवली. "वहिनी, शेवटी शेवटी तिनं माझं नाव घेतलं का गं? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. खरं सांग."

दोन वर्षं खोटं बोलून धाकटीची जीभ चांगली सरावली होती. 'हो' म्हणणं काही अवघड नव्हतं. पण नणंदेचे डोळे थेट आईंचे होते, मुकादम असतानाच्या आईंचे, आणि त्या डोळ्यांपुढे तिला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"नाही, वन्सं. एकदाही नाही."

नणंद उघड्या खाटेवर बसली. "वाटलंच. अगं, तिला मी कधी जवळ नकोच होते. दोघा दादांना कामं सांगायची, मला सांगायची नाही. मी मदतीला गेले की हुसकायची. जा, पुस्तक वाच जा. सासरी मला धड केर काढता येईना. किती हसं झालं माझं, तुला काय सांगू."

धाकटी तिच्या शेजारी बसली. सांगावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. ते तिच्या एकटीचं होतं.

"नाव नाही घेतलं," ती म्हणाली. "पण वेणी घालताना रोज एक सांगायच्या. म्हणायच्या, ताई, तू पण लहानच ना, तरी किती राबतेस. मी मोठी झाले ना, की मला एक मुलगी हवी. मुलगे झाले तर होऊ देत, पण मुलगी हवीच. तिला मी कशाला हात लावू देणार नाही. ती आपली वाचत बसेल आणि मी तिला जेवायला हाक मारीन."

नणंदेनं खाली ठेवलेली चादर मांडीवर ओढली.

"मी विचारायचे, नाव काय ठेवशील गं तिचं? तर लाजायच्या. म्हणायच्या, ते अजून ठरायचंय."

नणंदेनं तोंडाला पदर लावला, पण हुंदका आवरेना. बाहेरून थोरली जाऊ धावत आली, तिनं नणंदेला कवेत घेतलं आणि बाहेर नेलं. बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. आईला मुकलेल्या लेकीला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं.

धाकटी दारात उभी राहिली. सासू गेली म्हणून ही सगळी माणसं आली होती. हिची मात्र धाकटी बहीण गेली होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

"फार केलंत हो सासूचं," शेजारीण तिच्याजवळ येऊन म्हणाली. "आता सुटलात तुम्ही."

"हो," धाकटी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.