खराब बल्बांचं खोकं

विज्ञानाचे मोठे सर म्हणतील ती पूर्व, हा शाळेचा अलिखित नियम. नव्या बाईंना तर तो दोन्हीकडून लागू, कारण मोठे सर त्यांच्या नवऱ्याचे सख्खे मामा. नोकरी मामांच्याच शब्दावर मिळाली होती आणि बाईंना कायम करायचा कागदही मामांच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. घरी 'मामा', शाळेत 'सर'. मान मात्र दोन्हीकडे सारखीच डोलवायची.

परीक्षेत मामांनी प्रश्न काढला: चाळीस आणि शंभर वॅटचे बल्ब एकसर, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग जोडले, तर उजेड कोणाचा जास्त? उत्तरही त्यांनीच छापून दिलं, शंभरचा. शंभर मोठे की चाळीस, यात डोकं कशाला शिणवायचं? पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने शिणवलं. दोनशे व्होल्टवर चाळीसच्या बल्बचा रोध हजार ओहम, शंभरच्याचा चारशे. प्रवाह दोघांतून तोच, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याची शक्ती जास्त. चाळीसचा वीस वॅट खाणार, शंभरचा जेमतेम आठ. बाईंनी खूश होऊन पूर्ण गुण दिले. मामांनी त्यावर लाल शून्य काढलं.

"सर, एकदा जोडून बघायचं का?" चष्मेवालीने भर वर्गात विचारलं.

"बघू की. हातच्या कांकणाला आरसा कशाला," मामा म्हणाले आणि बाईंना बल्बांचं खोकं आणायला लावलं.

बटण दाबलं. चाळीसचा छान पेटला. शंभरच्या तारेला नुसती लाली आली, तीही लाजेकाजेस्तव.

"हा बल्ब खराब आहे," मामा म्हणाले. दुसरा शंभरचा लावला, तोही खराब निघाला. तिसऱ्याने तर लालीसुद्धा धड दाखवली नाही. नाचता येईना की अंगण वाकडं होतं. मामांचं अख्खं खोकंच वाकडं झालं. तोवर त्यांच्या कानाच्या पाळ्या शंभरच्या बल्बापेक्षा जास्त तापल्या होत्या.

"बाई, मुलांना निष्कर्ष सांगा," रुमालाने मान पुसत ते म्हणाले. "तुम्हाला कळतं यातलं."

बाईंना कळत होतं, तीच तर पंचाईत होती. एक खरं वाक्य बोललं की पोरीचे गुण परत येणार होते आणि टेबलावरचा कागद तिथेच धूळ खात राहणार होता. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मामांना हे पक्कं ठाऊक होतं.

"लिहा," बाई म्हणाल्या. "शंभर वॅटचे बल्ब खराब असल्यामुळे प्रयोग अपूर्ण राहिला."

सगळ्या माना वह्यांत गेल्या. चष्मेवालीने पेन टेकवलं नव्हतं.

"सगळेच खराब, बाई?"

"सगळेच. लिही तू."

मामा खिशातलं पेन चाचपत खुशीत आपल्या खोलीकडे निघाले. बाईंना वाटलं, पोरगी भांडेल, निदान रडेल तरी. म्हणजे तिच्यावर ओरडता येईल. तिने तसं काही केलं नाही. आपल्या गणितावर पट्टीने सरळ रेघ मारली, खाली बाईंचं वाक्य वळणदार अक्षरात लिहिलं आणि वही सहीसाठी पुढे केली.

बाईंना स्वतःची शिसारी आली. तरी त्यांनी सही केली. टेबलावरचा चाळीसचा बल्ब बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं, त्याच्या उजेडात ती स्वच्छ वाचता येत होती.