अर्धशिशीचं दार

छायाचं डोकं उठलं की वरवे गावातल्या त्या घरात भांडंसुद्धा दबकत वाजायचं. हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. लग्न होऊन आली त्या वर्षी तिची सासू अंबूबाई ओट्यावर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "आमच्या टायमाला न्हवती बाई असली अर्धी डोकी. दुखलं तर सगळं दुखायचं, आन् दुखत्या डोक्यानं भाकरी थापायचो आमी." आणि गोरख तरी कुठला शहाणा? आईचाच लेक तो. फाट्याजवळच्या कारखान्यातून पाळी करून यावं तर घरात चूल गार, आणि बायको भर दिवसा तोंडावर पदर घेऊन कोपऱ्यात. एक दिवस त्याचं टाळकं सटकलं. धाडकन दार उघडून दिवा लावला आणि ओरडला, "नाटकं बास कर आता!" छाया उठायला गेली आणि उंबऱ्यातच ओकली. दोन्ही हातांनी उजवं कानशील दाबून ती तिथंच बसली, तेव्हा कुठं या बाबाचा आवाज खाली आला.

ही गोष्ट तिच्या माहेरी कळायची ती कळलीच. वेल्ह्याच्या वर डोंगरात छायाचं माहेर. तिची आई सरूबाई दुसऱ्याच दिवशी एसटीनं येऊन हजर. बाई अंगानं एवढीशी, पण बोलायला लागली की गडी माणूस खाली बघायचा. तिनं जावयाला समोर बसवलं.

"जावईबापू, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुमाला कळाया पायजे असं माझं म्हन्नंच न्हाई. निस्तं दार लावून घ्यायचं. उजेड नगं, आवाज नगं, कुणी हाक मारायची न्हाई. आभाळ कोसळलं तरी दार उघडायचं न्हाई. ती आपल्या पायानं भाईर येती. हितं माझ्या डोक्यावर हात ठेवा आन् शब्द द्या."

गोरखनं सासूच्या डोक्यावर हात ठेवला. लाजेनं ठेवला, पण ठेवला.

मग उपाय सुरू झाले. अंबूबाईनं मिरच्या-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्या धुरानं छाया दोन दिवस उठली नाही. कुणी म्हणालं, दिवस उगवायच्या आत दुधात जिलबी खायची. गोरख आदल्या संध्याकाळी नसरापूरहून जिलबी आणायचा, ती पहाटे डोळे मिटून गिळायची. डोकं काही हटलं नाही, जिलबीवरची वासना तेवढी उडाली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! शेवटी भोरच्या एका डॉक्टरनं नीट बसवून सांगितलं. उपाशी राहायचं नाही, जागरण करायचं नाही, भर उन्हात उघड्या डोक्यानं फिरायचं नाही, उग्र वास टाळायचा. डोळ्यापुढं काजवे चमकले की लगेच गोळी घ्यायची, उशीर केला तर ती गोळी पोटात टिकायची नाही. आणि मग अंधार, शांतता, झोप.

गोरखनं हे असं मनावर घेतलं की विचारू नका. खिडकीला काळं कापड लावलं. देवापुढची उदबत्ती बंद करून नुसता दिवा ठेवला. गाईच्या गळ्यातली घंटा काढली. शेजारच्या हळदीत डीजे लागला तेव्हा हा एकटा जाऊन भांडून आला. सुंठ उगाळून लेप द्यायचा, फडकं गार पाण्यात पिळून कपाळावर टाकायचा, तिचा मोबाईल आवाज बंद करून आपल्या खिशात घालायचा आणि दार लावून बाहेर बसायचा. गल्लीतली माणसं हसायची. हसेनात का!

डोकं उतरलं की छाया बाहेर यायची ती पावसानंतरच्या पानासारखी धुतलेली. पहिलं काम एकच. गोरखच्या खिशातून मोबाईल काढायचा आणि आईला लावायचा. "आये, उतरलं गं." बास, एवढंच. कारण लेकीचं डोकं उठलंय हे कळलं की तिकडं सरूबाई जेवायची नाही. 'उतरलं' ऐकलं की मगच ताटावर बसायची. मुलगा मानसिंग किती चिडायचा, "आये, तू उपाशी ऱ्हाऊन तिचं डोकं थांबणार हाय व्हय?" म्हातारी ऐकेल तर शपथ.

यंदा शिमगा झाला आणि सरूबाईच्या छातीत पाणी झालं. दवाखाना झाला, सुया झाल्या, आणि आता घरीच ठेवा म्हणून सांगितल्यावर मानसिंगनं तिला घरी आणलं. छाया धावली. आईच्या उशाशी दोन रात्री बसून काढल्या, आणि वर नवस बोलली की आई उठून बसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. नुसत्या चहावर राहिली. डॉक्टरचं सगळं तिला पाठ होतं, पण आईपुढं कसला डॉक्टर आणि कसलं काय! तिसऱ्या दिवशी सरूबाईनं दोन चमचे पेज घेतली, भिंतीला टेकून बसली आणि लेकीकडं बघून म्हणाली, "त्वांड बघ कसं उतारलंय. घरी जा, नीज. न्हाईतर डोकं उठंल तुजं."

"उद्या सकाळच्याला येतेच आये," छाया म्हणाली आणि भर उन्हात एसटीनं घरी आली.

सकाळी पिशवी भरून झाली होती. एक पाय चपलेत घातला आणि तिच्या डोळ्यापुढं काजवे नाचले. गोळी घेतली ती ओकून पडली. दुसरी घेतली, तीही पडली. गोरखनं तिला धरून आत नेलं, कापड ओढलं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अवो, मानसिंगचा फोन आला तर मला उठवा. डोकं असू द्या न्हाईतर फुटू द्या. उठवा."

"व्हय," गोरख म्हणाला. दार लावलं आणि कामाला दांडी मारून बाहेर बसला.

उन्हं डोक्यावर आली आणि मानसिंगचा फोन आला. "दाजी, आयेचं काय खरं न्हाई. धाप लागलीया. छायाला घेऊन या. सारखी दाराकडं बघतीया."

गोरख उठला. हळूच कडी काढून आत डोकावला. सकाळपासून तळमळून तळमळून छायाचा आत्ता कुठं डोळा लागला होता. कपाळावरची आठी गेली होती. बाहेर ऊन तर असं की गाडीच्या सीटवर हात ठेवता येईना. या उन्हात, रिकाम्या पोटी, वेल्ह्यापर्यंत वळणावळणाच्या रस्त्यानं तिला मागं बसवून न्यायचं? वाटेतच पडायची. तासभर झोपली की उतरेल, मग नेऊ. त्यानं पुन्हा कडी लावली.

अंबूबाई सगळं बघत होती. "आरं, उठव तिला."

"तू गप बस."

"आय मरतीया तिची! डोकं काय घेऊन बसलाय? डोकं काय, उद्या बी दुखंल."

"तुला कधी तिचं दुखणं कळलंय का, म्हणं उठव!" गोरख दबक्या आवाजात खेकसला. म्हातारी आत गेली. सगळा जन्म ती चुकीचं बोलली होती, आणि एकदाच बरोबर बोलली तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही.

दुसरा फोन फार वेळ लावून आला नाही. मानसिंग रडत होता. "गेली दाजी. पर लेकीच्या हातचं पानी तोंडात पडल्याबिगर उचलायचं न्हाई म्हन्त्यात. दिस मावळायच्या आत या. त्याच्याम्होरं कुणी थांबणार न्हाई."

आता तरी या माणसानं दार उघडावं की नाही? उघडलं त्यानं. उंबऱ्यात उभा राहिला. छाया पोटाशी पाय घेऊन लहान पोरीसारखी झोपली होती. जाणारी गेली, आता तिच्यासाठी घाई करून काय करायचं? ही उठली की हिला आई नाही. झोपलीय तोवर आहे. झोपू दे अजून थोडं. पुन्हा म्हणून ही झोप यायची नाही. असं म्हणत तो तिथंच भिंतीला टेकून बसला, आणि उन्हं कधी कलली ते त्याचं त्याला कळलं नाही. दयासुद्धा कधी कधी माणसाला आंधळं करते.

छाया आपल्या पायानं बाहेर आली. केस सारखे केले, तोंडावर पाणी मारलं आणि हसली. "अवो, उतरलं. लई हलकं वाटतंय. च्या टाकते आन् निघू. थांबा, आयेला सांगते आदी." नेहमीसारखा तिनं त्याच्या खिशात हात घातला आणि मोबाईल काढला. गोरखनं हात पुढं केला. "छाया, आगं..." एवढंच निघालं. पलीकडं रिंग गेली, कुणीतरी उचलला.

"आये, उतरलं गं," छाया म्हणाली.

पलीकडून बायकांचं रडणं आलं, आणि मग मानसिंगचा आवाज, "ताई, तू निघालीस का न्हाई आजून?"

गोरखनं गाडी काढली, ती मागं बसली. मावळतीचा सूर्य सरळ तोंडावर होता. "डोळं झाक, पदर घे," गोरख दोनदा म्हणाला. तिनं पदर घेतला नाही. उघड्या डोळ्यांनी त्या उजेडात बघत राहिली. गाव आलं तेव्हा ऊन डोंगराच्या कड्यावरून वर सरकून गेलं होतं, आणि ओढ्याकाठी धूर उठला होता.

मानसिंग वाटेवरच भेटला. बहिणीच्या गळ्यात पडला. "थांबलो गं, लई थांबलो. मानसं आयकंनात. शेजारच्या साळूबाईनं पानी पाजलं शेवटाला."

"काय म्हणली का आये?"

मानसिंगनं डोळे पुसले. "तुला इचारत व्हती. म्या म्हणलं, डोकं उठलंय ताईचं. तर म्हणली, जावयानं दार लावलंय न्हवं? म्या म्हणलं, व्हय. मंग डोळं मिटलं."

छाया गोरखकडं वळली.

"म्या सांगितलं व्हतं, उठवा म्हणून."

"तुज्या आयेनंच शब्द घेतला व्हता माझा..."

"माझं डोकं जपायचा घेतला व्हता. तुमी डोकं जपलं. माझी आये मला दावली न्हाई." ती ओरडली नाही, तेच वाईट. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी गेल्यावर बायका एकीनंतर एक तिला कवटाळायच्या आणि कानात सांगायच्या, "रडू नगं बाय, डोकं उठंल तुजं." मग ती रडली. भिंतीवर डोकं टेकून, छाती फुटेल अशी रडली, आणि रडता रडता डोकं उठलंच. गोरख धावला. खिडकी लोटली, बायकांना हात जोडून गप राहा म्हणाला, दाराला हात घातला.

"उघडं ऱ्हाऊ द्या," छाया म्हणाली. "आन् त्यांना रडू द्या."

तेव्हापासून तिनं दार लावून घेतलं नाही. आता पावसाळा सरलाय. डोकं महिन्यातून एकदा-दोनदा उठतंच. वरव्याच्या घरातलं ते काळं कापड तिनं काढून टाकलंय. गोळी घेते, फडकं बांधते आणि उजेडात भिंतीकडं तोंड करून पडते. गोरख उंबऱ्यात बसून असतो. उठून दार लोटावं असं त्याच्या हाताला सारखं वाटतं, पण लोटत नाही. अंबूबाई ताट आणून ठेवते, ते तो सरकवून देतो. तिचं उतरल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास जात नाही, असं त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलंय.

परवा असंच झालं. सकाळी पडलेली छाया तिसऱ्या प्रहरी उठून बाहेर आली. चेहरा धुतलेला, डोळे मोकळे. सवयीनं तिचा हात त्याच्या खिशाकडं गेला, आणि मध्येच थांबला. मग तिला कोपऱ्यातलं झाकलेलं ताट दिसलं.

"जेवला न्हाई?"

"उतरलं म्हणून तू सांगितल्याबिगर कसं जेवू?" गोरख म्हणाला.

छायानं ताट त्याच्यापुढं सरकवलं. भाकरी वाळून कडक झाली होती.

"ते माझ्या आयेचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी जेवत जावा."

आणि उतरलं की नाही ते न सांगता ती गाईला पाणी दाखवायला गेली.