डाव्या खांद्यावरची थाप

हेमराज पराते बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मशिनी दुरुस्त करायचा. रविवारी सकाळी मात्र गोळीबार चौकातल्या चहाच्या टपरीवर तो फक्त गाड्यांवर बोलायचा. मोटार चार मीटरच्या आतच पाहिजे, हे त्याचं पहिलं म्हणणं. "त्याच्यापुढचा पत्रा शेजाऱ्याले दाखवाले असते," तो सांगे. दुसरं म्हणणं लष्करी यंत्रांबद्दल. बाकीचे रणगाड्यांचं कौतुक करत. याचा जीव बीएमपीवर. जवानांना पोटात घेऊन पट्ट्यांवर धावणारी, वेळ पडली तर नदीत पोहणारी ती चिलखती गाडी. "लहान मोटार आन बीएमपी, दोघींचं एकच," तो म्हणे. "जागा कमी, काम पुरं."

कामठीच्या शोभाताईंनी त्याला बोलावलं ते यामुळेच. त्यांचे यजमान श्रीधर फौजेत बीएमपीच चालवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी छोटी मोटार घेतली, बारा वर्षं जपली आणि गेल्या दिवाळीत ते वारले. आता खापा गावचे एक मास्तर ती विकत घ्यायला तयार होते. गाडी तपासून त्यांना दाखवून आणायचं काम हेमराजकडे आलं.

मे महिन्यातली दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन इतकं सुरेख चालत होतं, की हेमराज एकटाच हसला. खापाच्या अलीकडे त्याने जवळची वाट म्हणून नदीवरच्या रपट्याचा, म्हणजे पाण्यालगतच्या बुटक्या पुलाचा, रस्ता धरला. रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. एक माणूस सायकल हातात धरून आरामात पलीकडे चालला होता.

तेवढ्यात हेमराजच्या डाव्या खांद्यावर थाप पडली.

त्याने मान वळवली. मागे कोणी नव्हतं. सीटबेल्ट सरकला असेल, असं म्हणून त्याने गिअर टाकला. पुन्हा थाप पडली, जरा जोरात. त्याने वेग कमी केला, पण गाडी सरळच ठेवली. पुढचं चाक पाण्याला लागणार तोच बोटं खांद्यात रुतली. पाचही बोटं त्याला वेगवेगळी जाणवली. काही कळायच्या आत त्याने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी वाळूत जाऊन बंद पडली.

बाहेर भाजणारी लू वाहत होती आणि त्याच्या अंगावर काटा उभा होता. त्याने आरशात पाहिलं. ड्रायव्हरच्या बरोबर मागे सीट खोल दबलेली होती. तो पाहत असताना ती हळूहळू वर आली, कोणी उठावं तशी.

सायकलवाला पलीकडे पोचून आपल्या वाटेने निघूनही गेला. रपट्यावर काहीच झालं नव्हतं.

हेमराज खापाला गेलाच नाही. दोघा गुराख्यांच्या मदतीने त्याने गाडी वाळूतून काढली आणि हळू चालवत कामठीला आणली. शोभाताई अंगणातलं वाळवण उचलत होत्या. त्याने घडलं ते सांगितलं. त्या हसतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"कोणत्या खांद्यावर?"

"डाव्या. काहून, काकू?"

त्या पायरीवर बसल्या. "फौजेत बीएमपीत सुभेदार गुलाबचंद साहेब यांच्या पाठीमागंच बसत. वायरलेस खरखर करे, म्हणून खांद्यावर थाप मारून सांगत. दोन्ही खांद्यांवर म्हणजे सरळ. एका खांद्यावर म्हणजे त्या बाजूले. नदी पार कराच्या सरावात गाडी बुडाली. हे वर आले, साहेब आतच राहिले. चौकशीत यांनी सांगतलं, थाप दोन्ही खांद्यांवर होती."

"मग?"

"मरायच्या आधी तापात हे म्हणत, 'शोभा, थाप डावीच होती. मले वाटलं मले जास्त समजते, मी गाडी सरळ घातली.' मी म्हटलं, ताप बोलून राहिला." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "बारा वर्षं यांनी मागं कोणालेच बसू दिलं नाही. पाण्याच्या रस्त्यानं तर कधीच गेले नाहीत."

हेमराजने गाडीची चावी त्यांच्याजवळ पायरीवर ठेवली.

"मास्तरले नाही म्हणून सांग," शोभाताई म्हणाल्या. "आन कागद घे. माझं अक्षर नीट नाही येत. साहेबांची बायको राजस्थानात आहे, पत्ता आहे यांच्या डायरीत."

पत्र लिहायला दोन तास लागले. चूक कोणाची होती ते शोभाताईंनी पहिल्याच ओळीत सांगितलं. सोमवारी हेमराजने रजिस्टर पोस्टाने ते पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

गाडी विकली गेली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून हेमराज दर रविवारी कामठीला जातो आणि दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतो. तो चावी फिरवायच्या आधी शोभाताई मागचं दार उघडतात, पदर सावरून क्षणभर बाजूला उभ्या राहतात आणि मग दार अलगद लावून घेतात.